गिटारची जवारी

"गिटारला कुणी हात लावला?"

मी दुकानाच्या मागच्या टोकाकडून विचारलं, आणि चांगलं मोठ्यानं विचारलं. अब्बा पुढं रस्त्याकडच्या उजेडात मांडीवर तानपुरा आडवा घेऊन बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. कानस घोडीच्या हाडावर पुढं-मागं फिरत राहिली.

"अब्बा, तुम्हाला विचारतेय मी."

तरी नाहीच. मी मनात म्हटलं, रुसलेत. माझ्या पुण्याला जायची गोष्ट निघाल्यापासून त्यांचं हे असंच चाललं होतं. हाक मारली तर ओ द्यायची नाही. दुकानातला रेडिओ, जो सकाळी शटर उघडल्यापासून संध्याकाळी खाली ओढेपर्यंत बडबडत असायचा, तो त्यांनी कधीचाच फळीवर उलटा करून ठेवला होता. फोन वाजला की अम्माला आतून धावत यावं लागायचं. एवढा बाप फुगून बसला तर माणसानं जायचं तरी कसं? पण मी जाणार होते. त्या दिवशी दुपारी कोरगावकर येणार होते, गिटार बघणार होते आणि मग मी जाणार होते.

आणि ही गिटार नेमकी आजच घरघरत होती.

मिरजेतली आमची गल्ली तंतुवाद्यांची. दारादारात भोपळे वाळत पडलेले, लाकडाचा भुसा, लाखेचा वास. अब्बांचं नाव होतं ते जवारीसाठी. तानपुऱ्याची तार नुसती ताणून छेडली तर ती टणक वाजते आणि विझते. पण ती ज्या घोडीवर टेकते तिचं हाड अगदी नेमकं घासलं, की तार त्या हाडाला लागते न लागते अशी राहते आणि तिच्यातून भुंग्यासारखा झंकार निघत राहतो. हीच जवारी. झंकार मोकळा सुटला तर खुली, दबून राहिला तर बंद. कोण गाणार, कसं गाणार, त्यावर किती खुली ठेवायची ते ठरतं. तारेखाली सुताचा दोरा सरकवून ती जागा शोधायची आणि पुन्हा घासायचं. या कामाला दस्तगीरमियाँचा हात लागावा म्हणून गाणारी माणसं कुठून कुठून तानपुरे घेऊन यायची.

मला त्याचा कंटाळा होता. जन्मल्यापासून तो झंकार कानात. पाळण्यात असताना तो, अभ्यास करताना तो, जेवताना तो. मी वळले गिटारकडं. मिशन हॉस्पिटलच्या बाजूच्या चर्चमधली पोरं एकदा मान मोडलेली गिटार घेऊन गल्लीत फिरत होती, आणि प्रत्येक दुकानदार त्यांना 'आमच्यात नाही होत' म्हणून पुढं पाठवत होता. मी ती ठेवून घेतली आणि जोडून दिली. मग लोक आणतच गेले. जुन्या बाजारातून उचललेल्या, होस्टेलच्या माळ्यावर टाकून दिलेल्या, कुणी वर बसलेलं, कुणी पट्टा लावायला भर छातीत खिळा ठोकलेला. एकीच्या पोटात उंदरानं घर केलं होतं. अब्बा गिटारला 'पेटी' म्हणायचे. "तुझी पेटी उचल गे रस्त्यातून," एवढाच त्यांचा गिटारशी संबंध.

कोरगावकरांचं पुण्यात कॅम्पात दुरुस्तीचं दुकान होतं. मी दुरुस्त केलेली एक गिटार फिरत फिरत त्यांच्या हातात पडली होती. ती घेऊन ते पत्ता शोधत मिरजेला आले, मला बघून जरा दचकले, आणि मग गाडीतून एक गिटार काढून माझ्यापुढं ठेवली. कुठल्याशा हॉटेलातला बँड बंद पडला तेव्हा त्यांनी तिथला सगळा भंगार ढीग विकत घेतला होता, त्यातली ती. तबली, म्हणजे पुढची पातळ फळी, आत खचलेली, आतल्या आधाराच्या काड्या सुटून खुळखुळणाऱ्या, आणि तारा टेकायची हाडाची पट्टी गायब. तिच्या जागी कुणा शहाण्यानं बॉलपेनची रिकामी कांडी कापून बसवली होती.

"ही उभी करून दाखव," ते म्हणाले. "जमलं तर माझ्याकडं एक टेबल रिकामं आहे."

त्या टेबलानं माझी झोप उडवली. पुण्यातलं टेबल, त्याच्यावर माझी हत्यारं, आणि आजूबाजूला कुणी मला 'दस्तगीरची पोरगी' म्हणणार नाही. मी ओलं गरम फडकं लावून तबली आतून हळूहळू वर उचलली. भेगांत त्याच लाकडाच्या काडीएवढ्या चिपा बसवल्या, आतल्या काड्या सरसानं चिकटवल्या. शेवटी अब्बांच्या डब्यातलं हाड मागून घेतलं आणि त्याची पट्टी कापून, घासून, चकचकीत करून बसवली. आदल्या संध्याकाळी तारा चढवल्या, सूर लावला, कितीतरी वेळ वाजवून बघितली. आवाज स्वच्छ होता. मग टेबलावर ठेवली आणि पाणी आलं म्हणून आत गेले.

सकाळी पहिलीच तार छेडली तर काहीतरी वेगळं. वेगळं, पण काय ते कळेना. ही गोष्ट आज सांगताना मला हसू येतं. दुसऱ्या कुणीही पहिल्या फटक्यात सांगितलं असतं. पण तो आवाज माझ्या अंगात इतका मुरलेला, की मला तो दोष म्हणून ऐकूच येईना. तारा जरा खणखणून वाजवल्या तेव्हा कळलं की घरघर आहे. मग मी शोधायला लागले. पडदे एकेक दाबून बघितले. चाव्यांची मळसूत्रं आवळली. गोल भोकातून हात घालून आतल्या काड्या चाचपल्या. एखादी काडी सुटली असेल तर सगळी तबली पुन्हा उघडायची, म्हणजे संपलंच. मला घाम फुटला होता.

"पाय हलवू नको गे!" अम्मा आतल्या दारातून ओरडली. "बसल्या जागी पाय हलवणारी पोर घर हलवती."

हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. बसले की माझा उजवा पाय आपोआप हलायचा. टाच जमिनीवर टेकायचीच नाही. शाळेत बाकावरच्या मुली चिडायच्या, अक्षर बिघडतं म्हणून. 'पायाला भिंगरी हाय हिच्या,' असं अम्मा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. आश्चर्य एवढंच, की अब्बा त्यावरून मला कधी बोलले नाहीत.

"अम्मा, गिटारला अब्बांनी हात लावला का?"

"मला काय ठाऊक? विचार की त्यांनाच."

"बोलतायत का ते!"

अम्मानं माझ्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि फोडणी जळतेय म्हणून आत वळली.

"बेटा," पुढून अब्बांची हाक आली. "इकडं ये जरा. ऐक गे. खुली का बंद?"

हा दुसरा ताप. गेली दोनेक वर्षं त्यांनी हा छळ लावला होता. दिवसातून पाच-दहा वेळा बोलवायचे. त्यांच्यासमोर एक बुटकं स्टूल होतं, त्यावर मला बसवायचे, तार छेडायचे आणि विचारायचे, खुली का बंद? मला वाटायचं, परीक्षा घेतायत. चटईवर बसून शिकायला मी तयार नव्हते, म्हणून हे असं आडून शिकवणं चाललंय. मी स्टुलावर बसून रस्त्यावरच्या रिक्षा बघायचे, पाय हलवायचे आणि तोंडाला येईल ते सांगायचे. "बंद. अजून बंद. आता खुली. झालं, जाऊ?" ते कधी चूक की बरोबर सांगायचे नाहीत. नुसते 'हं' म्हणायचे आणि पुढं घासायचे.

त्या दिवशी मी जाग्यावरून उठलेच नाही. गिटार उभी धरून मी तिच्या भोकात डोळा लावून बसले होते.

"बेटा! खुली का बंद?"

"खुली आहे!" मी गिटारच्या आडून मान बाहेर काढून ओरडले, आणि बोटांची चिमूट करून दाखवली. "मस्त आहे! झकास!"

त्यांनी तार छेडलेली मी ऐकलीसुद्धा नव्हती. अब्बा चष्म्यावरून क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कानस खाली ठेवली, घोडी कापडानं पुसली आणि तानपुरा भिंतीला टेकवला.

थोड्याच वेळात शैलजाबाई कट्टी आल्या. धारवाडला गाणं शिकवायच्या. वय झालेलं, जिभेला धार. त्यांचा तानपुरा नेहमी अब्बांकडंच यायचा. चप्पल काढून त्या चटईवर बसल्या, अब्बांनी नुकताच भिंतीला टेकवलेला आपला तानपुरा मांडीवर घेतला, सूर जुळवला, तार छेडली. पुन्हा छेडली. मग अब्बांकडं बघत राहिल्या.

"दस्तगीरमियाँ, हे काय?"

"हौ हौ," अब्बा हसून म्हणाले. "एकदम खुली."

"खुली? अहो, हे तर ओठ शिवल्यासारखं गप आहे. माझी थट्टा करताय की काय?"

"हौ. तुमच्या गळ्याला अशीच लागती."

शैलजाबाईंचा चेहरा उतरला. रागाला वाट मिळायच्या आधी माणूस गोंधळतो ना, तसा. अब्बा अजून हसतच होते. पण हसता हसता त्यांची नजर माझ्याकडं वळली. मी बापाला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. म्हणून ती भीती आहे हे ओळखायलाही मला वेळ लागला.

मी गिटार टेबलावर ठेवली. पुढं आले, अब्बांच्या पाठीमागच्या कपाटाशी गेले, काहीतरी शोधतेय असं दाखवत. शैलजाबाई खाली मान घालून तार खालीवर करत होत्या. मी अब्बांच्या मागं हातभर अंतरावर उभी राहून म्हटलं, "अब्बा."

पाठ हलली नाही.

"अब्बा."

शैलजाबाईंनी वर बघितलं. अब्बांनी बघितलं नाही.

रेडिओ. फोन. न मिळालेली उत्तरं. 'हौ हौ'. सगळं एकदम जागेवर येऊन बसलं. अब्बांना ऐकू येत नव्हतं. गल्लीत सगळ्यात बारीक कान ज्याचा, त्या माणसाला ऐकू येत नव्हतं. आणि ते मला रोज दहादा विचारत होते ती परीक्षा नव्हती. ते खरंच विचारत होते.

आता हे शैलजाबाईंच्या ध्यानात आलं, तर उद्या धारवाडला कळेल, परवा सगळीकडं. बहिऱ्याकडं जवारीला कोण तानपुरा देईल?

"बाई, चूक माझी आहे," मी घाईनं म्हटलं. "ते अजून घासत होते. मीच मधून पुरे पुरे म्हणून थांबवलं त्यांना. द्या इकडं."

"तू कशी थांबवशील? तू काय करतेस यातलं?"

"काही नाही. म्हणून तर चुकलं."

मी स्टूल ओढून अब्बांच्या समोर बसले. तानपुरा त्यांच्या मांडीवर दिला. ते माझ्या तोंडाकडं बघत होते. मी ओठ नीट हलवून म्हटलं, "बंद आहे. लई बंद."

त्यांनी मान हलवली. सुताचा दोरा सरकवला, कानस घेतली. घासलं, पुसलं, छेडलं. त्या आधी मी कितीदा तरी त्या स्टुलावर बसले असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. आणि ऐकायला लागल्यावर कळलं की हे किती अवघड आहे. खुली म्हणजे किती? पुरे कधी? मी ओठ दाबून बसले होते आणि पाय मात्र भिंगरी लागल्यासारखा हलत होता. अब्बा छेडायचे, क्षणभर थांबायचे, पुन्हा घासायचे. माझ्या उत्तराची वाट न बघता.

आणि मग एका क्षणी तार मोकळी बोलली. झंकार दुकानभर पसरला. शैलजाबाईंनी डोळे मिटले, हलकेच षड्ज लावला. अब्बांनी कानस खाली ठेवली. मी अजून काहीच बोलले नव्हते.

"दार उघडंच आहे म्हणून आलो," आवाज आला. पायरीवर कोरगावकर उभे होते, खांद्याला बॅग. ठरल्यापेक्षा लवकर आले होते.

मी उठायच्या आत ते चपला काढून आत आले, शैलजाबाईंना नमस्कार केला, आणि सरळ मागच्या टेबलाकडं. मी "थांबा, अजून..." म्हणेपर्यंत त्यांनी गिटार उचलली होती. उलटी करून बघितली. तबलीवरून तळवा फिरवला. "वा," ते म्हणाले. "कुठं मोडली होती तेच सापडत नाही." आणि तार छेडली.

शैलजाबाईंनी वळून बघितलं. "हा कुठला तानपुरा?"

कोरगावकरांनी गिटार डोळ्याजवळ नेली. तारांखाली, त्या हाडाच्या पट्टीवर बोट फिरवलं. मीही वाकून बघितलं आणि मला दिसलं. मी पट्टीला धार ठेवली होती, गिटारला लागते तशी. ती धार आता नव्हती. तिथून पुढं हाड एकसारखं, इतकं हळुवार उतरत गेलेलं, की डोळ्याला दिसण्याआधी बोटाला लागावं. तो उतार मी कुठंही ओळखला असता. मिरजेत तसा एकाच माणसाचा हात चालायचा.

"ही पट्टी कुणी घासली?" कोरगावकरांनी विचारलं.

माझ्या पुण्यातल्या टेबलाची ती शेवटची घडी होती. 'अब्बांनी' म्हटलं असतं की माझी सुटका होती. पण मग पुढचा प्रश्न ठरलेला. एवढ्या मोठ्या माणसानं घासली आणि घरघर त्याला ऐकू आली नाही? शैलजाबाई तिथंच बसल्या होत्या. अब्बा माझ्या चेहऱ्याकडून कोरगावकरांच्या चेहऱ्याकडं आणि परत माझ्याकडं बघत होते.

"मीच," मी म्हटलं.

"झोपेत?"

"सवयीनं. हाड दिसलं की हात तसाच चालतो आमचा."

कोरगावकर खो खो हसायला लागले. "अहो, गिटारला जवारी काढली! हे फक्त मिरजेतच होऊ शकतं." शैलजाबाईही पदर तोंडाला लावून हसल्या. माझ्या कानशिलांतून आग निघत होती. हसता हसता कोरगावकरांनी मांडी घातली आणि सावकाश एक सुरावट वाजवली. कदाचित चेष्टा म्हणूनच असेल. पण दोन-तीन तारांनंतर त्यांचं हसणं थांबलं. गिटारचे सूर विझायच्या जागी विझेनात. एकाच्या मागं दुसरा तरंगत राहिला, आणि भिंतीला टेकलेले तानपुरे न छेडता बारीक बोलायला लागले.

मी अब्बांकडं बघितलं. ते खाली फरशीकडं बघत गालात हसत होते. इथं माझं सगळं बुडायला आलं होतं आणि बाप हसत होता. मला असा संताप आला की सांगता येत नाही.

"कानाला गोड आहे," शेवटी कोरगावकर म्हणाले, "पण माझं गिऱ्हाईक ही घेऊन दुसऱ्या दिवशी भांडायला येईल. काम मात्र मी असं बघितलं नाही. पट्टी तेवढी बदल. गोव्याहून येताना मी थांबेन. गिटार तयार ठेव, आणि तुझी बॅगही तयार ठेव."

म्हणजे माझं काहीच बुडालं नव्हतं. टेबल जिथल्या तिथं होतं. आनंदानं उडी मारावी असं ते बोलणं, आणि मी नुसती मान हलवली.

ते गेले. शैलजाबाईही तानपुरा गवसणीत घालून उठल्या. पायरी उतरताना थांबल्या, अब्बांना काही सांगावं म्हणून वळल्या, आणि मग का कुणास ठाऊक, मलाच म्हणाल्या, "छान झालाय गं. त्यांना सांग."

दुकानात आम्ही दोघंच उरलो. मी स्टुलावर बसले, त्यांना माझे ओठ दिसतील अशी.

"कधीपासून?"

त्यांनी कानस उचलली, पुसली, परत ठेवली. "डावा आधी गेला. मग उजवा. गेला म्हणजे, लांबून कुणी भांडतंय एवढं येतं ऐकायला. शब्द येत न्हाईत. सूर तर न्हाईच."

"आणि मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तू पुण्याचं नाव काढलं असतंस का?"

"अम्माला ठाऊक आहे?"

"तिच्यापासून काय लपतं?"

मग मात्र मी बोलत सुटले. दोन वर्षं मला कानशी-पटाशीसारखं वापरलं, मी काय हत्यार आहे का, असलं काहीबाही. मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं म्हणून मी आणखी ओरडत होते. ऐकू न येणाऱ्या माणसावर ओरडण्याइतका मूर्खपणा नाही. ते शांतपणे माझे ओठ बघत होते.

"आणि मी ऐकतही नव्हते!" मी म्हटलं. "कळतंय का तुम्हाला? तोंडाला येईल ते सांगायचे मी. खुली म्हणायचे, बंद म्हणायचे. माझ्या भरवशावर तुम्ही एवढ्या लोकांचे तानपुरे..."

"ठाऊक हाय," अब्बा म्हणाले. हसले. "तुझ्या तोंडावर कोण चाललंय बेटा? तुझं तोंड लहानपणापासून खोटं बोलतंय. मी तुझा पाय बघायचो."

"पाय?"

"सारखा हलतो. पण जवारी बरोबर लागली की थांबतो. तुला स्वतःला कळत न्हाई. तू रस्त्याकडं बघत असतीस, तोंडानं 'बंद बंद' चाललेलं असतं, आणि टाच जमिनीला टेकती. की मी कानस खाली ठेवायचो. पाय कधी चुकला न्हाई. आज तू तिकडं पेटीमागं बसलीस, पाय दिसंना. मग तोंडावर विश्वास ठेवावा लागला, आणि झाली फजिती."

अम्मा आतल्या दारात येऊन उभी होती, हातात चहाचे कप तसेच.

"आणि गिटार?" मी विचारलं. "ती का घासली?"

ते ओशाळले. गळ्यातला रुमाल काढून हात पुसत बसले. "काल संध्याकाळी तू ती वाजवून बघत होतीस. मी इथनं बघत होतो. लई वेळ वाजवलीस, पण पाय थांबंना. म्हटलं, काहीतरी राहिलंय हिचं, हिला सापडंना. पोरगी परगावी चालली, तिची वस्तू अर्धी कशाला जावी? तू पाण्याला आत गेलीस तेव्हा घेतली मांडीवर." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि आज त्या माणसानं वाजवली तेव्हा थांबला की. मी बघितलं. दोन्ही टाचा टेकल्या होत्या तुझ्या. म्हटलं, चला, बरोबर झालंय."

म्हणून हसत होते.

"मी गेले तर?" मी विचारलं.

"तर गेलीस. भिंगरी हाय पायाला, तिला कोण धरून ठेवणार?" असं म्हणून त्यांनी भिंतीचा दुसरा तानपुरा मांडीवर ओढला आणि खाली मान घातली. म्हणजे आता मी काय बोलते ते त्यांना दिसणार नव्हतं. बोलणं संपवायची त्यांची ती रीत होती, हेही मला त्या दिवशीच कळलं.

मी माझ्या टेबलाशी गेले. जुनी पट्टी उचकटून काढली, नवी कापली, धार ठेवून बसवली. तारा चढवल्या, वाजवली. स्वच्छ, खणखणीत, निर्दोष गिटार. वाजवता वाजवता मी टेबलाखाली बघितलं. टाच टेकली नव्हती.

कोरगावकर गोव्याहून परत आले तेव्हा गिटार तयार होती, बॅग नव्हती. त्यांनी पुष्कळ समजावलं. मीही दोनदा हो म्हणता म्हणता थांबले, आणि पुढं कितीतरी दिवस त्या टेबलाची आठवण येऊन माझी चिडचिड व्हायची. मोडक्या गिटारी ते अजून पार्सलनं पाठवतात. तुटलेल्या माना, फुटलेली पोटं. एका बाजूच्या भिंतीला त्या लागलेल्या असतात, दुसऱ्या बाजूला तानपुरे.

पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी मी गिटार खोक्यात ठेवली, पुढं आले आणि स्टूल ओढून अब्बांच्या समोर बसले. चप्पल काढून बाजूला सरकवली आणि सलवार घोट्याच्या जरा वर घेतली, पाय नीट दिसावा म्हणून.

अब्बांनी तार छेडली. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. चष्म्यावरून त्यांनी खाली बघितलं.

पाय हलत होता. त्यांनी कानस उचलली.